गुंड्याला एकाच दिवशी दोन धडे

ताई, पंधरा दिवसांपूर्वी आमच्याकडे कुत्र्याचं पिल्लू आलं. नाव गुंड्या, वय आता अकरा आठवडे. अंगाने गोलमटोल, स्वभावाने लाघवी, पण एकटं सोडलं की घर डोक्यावर घेतो. क्रेटची, म्हणजे कुत्र्याच्या जाळीच्या पिंजऱ्याची, सवय लावायची म्हणून चांगला मोठा क्रेट आणला, आत मऊ चादर घातली, खेळणी टाकली. पहिल्याच रात्री त्याला बाहेरच्या खोलीत क्रेटमध्ये ठेवून आम्ही आत झोपलो. झोपलो कसले, छताकडे बघत पडलो. सगळे सांगतात, 'लक्ष देऊ नका, रडून रडून आपोआप गप्प होईल.' आठवडाभर तेच केलं. मधूनच धीर सुटला की उठून त्याला बाहेर काढलं. परवा आम्ही दोघं तीन तास बाहेर होतो. परत आलो तर त्याचा घसा बसलेला, चादर लाळेने ओलीचिंब, आणि आत ठेवलेली बिस्किटं जशीच्या तशी. शेजारच्या काकू म्हणाल्या, पूर्ण वेळ भुंकत होता. दहा दिवसांत माझी रजा संपतेय, मग आम्ही दोघंही दिवसभर बाहेर. त्याचं भुंकणं थांबवू कसं? नाकी नऊ आलेत.

— झोप उडालेली

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही विचारलंय भुंकण्याबद्दल, पण वाचताना मी अडले ती चादरीपाशी. लाळेने भिजलेली चादर, न शिवलेली बिस्किटं, बसलेला घसा. नुसता हट्ट करणारं पिल्लू भुंकता भुंकता बिस्किट खातं, खाऊन झालं की पुन्हा भुंकायला लागतं, आणि कंटाळलं की तंगड्या वर करून झोपतं. घाबरलेल्या पिल्लाच्या घशाखाली घास उतरत नाही. गुंड्या परवा तीन तास तुमच्यावर रागावलेला नव्हता, त्याची पाचावर धारण बसली होती. म्हणून आधी एक स्पष्ट सांगते: 'रडून गप्प होईल' हा प्रयोग आजपासून बंद.

आता चुकलं कुठे ते बघू. क्रेटमध्ये राहणं आणि एकटं राहणं हे दोन वेगवेगळे धडे आहेत. क्रेट म्हणजे चार भिंतींची अनोळखी जागा, जिचं दार आपल्याला उघडता येत नाही. एकटं राहणं म्हणजे ज्यांच्या अंगाची ऊब आणि वास म्हणजे आपलं जग, तेच गायब. तुम्ही, आणि तुमच्यासारखे बहुतेक सगळेच, हे दोन्ही धडे पहिल्याच रात्री, तेही अंधारात, एकदम देता. पोहायला न येणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी रात्रीच्या वेळी विहिरीत सोडण्यासारखं आहे हे. इथेच घोडं पेंड खातं.

गुंड्या तुमच्याकडे येईपर्यंत एकटा कधी झोपलाच नव्हता. त्याचा प्रत्येक श्वास कुठल्या तरी भावंडाच्या पोटावर डोकं ठेवून घेतलेला. कळपात जगणाऱ्या प्राण्याचं पिल्लू मागे राहिलं तर ओरडणं हा त्याचा एकमेव उपाय. जी गप्प बसली ती आईला सापडली नाहीत. १९७८ साली मेंदूचे अभ्यासक याक पँक्सेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं ठेवल्यामुळे रडणाऱ्या पिल्लांना मॉर्फिनची अगदी लहान मात्रा देऊन पाहिली. गुंगी येईल इतकीही ती नव्हती, तरी रडणं ओसरलं. म्हणजे दुखण्यावर जे औषध चालतं तेच विरहावरही चाललं. (हे वाचून कुणी औषधाच्या कपाटाकडे जाऊ नये. माणसांची झोपेची किंवा वेदनेची गोळी पिल्लाला देणं हा जिवाशी खेळ आहे.) आणि त्याच्याही आधी, १९६१ मध्ये, प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक जॉन पॉल स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्याने एकट्या ठेवलेल्या पिल्लांच्या ओरडण्याची मोजदाद केली होती. ओळखीच्या जागेत एकटं ठेवलेली पिल्लं अनोळखी जागेतल्यांपेक्षा कमी ओरडत. आपल्या कामाची गोष्ट ही दुसरी. आधी जागा ओळखीची करायची, मग माणसाने उठून जायचं.

पण त्याआधी आज संध्याकाळी एक चाचणी घ्या. गुंड्याला क्रेटमध्ये घालून दार लावा आणि क्रेटला टेकून खाली बसा. तो गप्प राहिला, तर त्याला क्रेटचं वावडं नाही, तुमच्या नसण्याचं आहे. तुम्ही शेजारी असूनही तो जाळी खरवडायला लागला, तर कोंडलं जाण्याचीच भीती आहे. उद्या उलटं करून बघा. क्रेट नाही, ज्या खोलीत कुरतडण्यासारखं काही नाही अशा खोलीत त्याला ठेवून दोन मिनिटं बाहेर थांबा. जुना मोबाइल एका कोपऱ्यात टेकवून चित्रण करा. शेजारच्या काकूंना फक्त आवाज ऐकू येतो, तुम्हाला त्याचं तोंड बघायचंय. दाराकडे येरझारा, धापा टाकणं, सारखे ओठ चाटणं, झोप नसताना येणाऱ्या जांभया, हे सगळं भुंकण्याच्या आधी सुरू होतं. त्या खुणा ओळखता आल्या की निम्मं काम झालं.

चाचणीत भीती क्रेटचीच निघाली, तर क्रेट बाजूला ठेवायला मी बिलकुल हरकत घेणार नाही. क्रेट हे साधन आहे, व्रत नव्हे. एक कुंपण घातलेला कोपरा, किंवा दाराला आडवी जाळी लावलेली खोली, हेही तेच काम करतं. कित्येक पिल्लं क्रेटमध्ये आकांत करतात आणि मोकळ्या खोलीत सतरंजीवर घोरत पडतात. उगाच मोडेन पण वाकणार नाही करू नये.

क्रेटशी फार वाकडं नसेल तर तो धडा सोपा आहे, त्यावर जास्त वेळ घालवत नाही. दार काढूनच ठेवा किंवा मागे बांधून टाका. दिवसाची सगळी जेवणं आत. येता-जाता गुपचूप एखादा खाऊचा तुकडा आत टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचं. त्याचा त्याला शोध लागू दे. दोन-तीन दिवसांत तो रिकाम्या क्रेटमध्ये डोकावून 'आज काय' असं बघायला लागेल. मग तो जेवत असताना दार लोटायचं, जेवण संपण्याआधी उघडायचं. दार बंद असताना तो खाणं थांबवून तुमच्याकडे बघायला लागला, तर घाई झाली असं समजा. क्रेट 'चांगला मोठा' आणलात म्हणालात, तर मध्ये आडोसा लावा. उभं राहता यावं, गिरकी घेता यावी, पाय ताणून पडता यावं, बस. त्याहून मोठा असला की पिल्लू एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला उरकून घेतं. गळ्यातला पट्टा आत असताना काढायचा, जाळीत अडकून फास बसू शकतो. आणि काहीही झालं तरी क्रेट ही शिक्षेची कोठडी करायची नाही. चप्पल कुरतडली म्हणून 'जा आत!' असं एकदा जरी झालं तरी आठवडाभराच्या खाऊवर पाणी.

आता खरा धडा, एकटेपणाचा.

सगळे सांगतात, भुंकत असताना परत जाऊ नका. मी सांगते, भुंकण्याआधी परत या. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं, पण पहिल्यात पिल्लू घाबरून थकेपर्यंत आपण बाहेर उभे असतो. दुसऱ्यात त्याला घाबरायची वेळच येत नाही.

प्रत्यक्षात ते असं दिसतं. गुंड्या शू-शी करून आलाय, थोडं खेळून दमलाय, पोट भरलंय. हे तिन्ही झाल्याशिवाय धडा सुरूच करायचा नाही. त्याला त्याच्या जागी बसवा, चाटत बसण्यासारखं काहीतरी द्या, कारण चाटण्याने पिल्लं शांत होतात. पोकळ रबरी खेळण्यात त्याचं नेहमीचंच ओलं खाणं भरलं तरी चालतं. चॉकलेट, मनुका, कांदा किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही मात्र चुकूनसुद्धा नको, कुत्र्यांसाठी ते विष आहे. तुम्ही उठा. दाराच्या मुठीला हात लावा. परत येऊन बसा. काही बोलायचं नाही, 'शहाणं गं माझं बाळ' नाही, काही नाही. पुन्हा उठा, दार उघडा, लावा, बसा. पुन्हा उठा, बाहेर जा, एक मोजा, आत या. मग तीन मोजा. मग पुन्हा एक. मग पाच, मग दोन, मग दहा. दर वेळी आधीच्यापेक्षा जास्त असं करायचं नाही. पिल्लांना चढण लगेच कळते, आणि पुढची वेळ आणखी वाईट असणार हे कळलेलं पिल्लू तुम्ही नुसत्या उठलात तरी कान टवकारतं. पाच-सात मिनिटं झाली की थांबा. सगळं छान चाललंय म्हणून 'आता एकदाच पाच मिनिटं करून बघू' हा मोह होतो. तो आवरा.

तुम्ही बाहेर असताना तो झोपेतून मान वर करून पुन्हा खाली ठेवतो, असं चित्रणात दिसलं की धडा बसतोय. पहिली काही मिनिटंच सगळ्यात अवघड असतात, त्यामुळे सुरुवातीला सेकंदांशी झटावं लागतं. पुढे अर्धा तास शांत राहणारं पिल्लू तासाभरापर्यंत बरंच सहज जातं.

किल्ल्यांचा आवाज, पर्स, बाहेर जायच्या चपला यांचाही बंदोबस्त करा. घंटा वाजली की शास्त्रज्ञ पाव्हलोवच्या कुत्र्यांना लाळ सुटायची. तुमच्या गुंड्याला किल्ल्या वाजल्या की धडकी भरत असणार. दिवसातून आठ-दहा वेळा किल्ल्या उचला आणि टीव्हीपुढे जाऊन बसा. पर्स खांद्याला लावून भांडी घासा. वेड्यासारखं दिसेल, बघणारं कुणी नाही.

आणि तरीही भुंकलाच तर? भुंकेल. रोजचं गणित कुणालाच अचूक जमत नाही. अशा वेळी भुंकणं ऐका. थांबून थांबून, एकेक, मध्ये 'ऐकलंत का?' अशी विश्रांती घेत होणारं भुंकणं ही कुरकुर आहे. तिच्यात दोन-तीन सेकंदांची फट पडली की शांतपणे आत जा. पण आवाज चढत जाऊन किंकाळीवर गेला, खरवडणं सुरू झालं, तर फटीची वाट बघू नका. आत जा, त्याला बाहेर घ्या, जवळ बसवा. 'अशाने सवय लागेल' म्हणतील. भीती ही काही कुणी मुद्दाम करत नाही, त्यामुळे धीर दिल्याने तिची सवय लागत नाही. दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या खाली उतरून सुरुवात करायची, एवढंच.

कुरकुरीच्या बाबतीत मात्र मी स्वतः तोंडघशी पडलेली आहे. माझा पहिला कुत्रा वाघ्या. मी मनाशी ठरवलेलं, लक्ष द्यायचं नाही. पहिल्या दिवशी चार मिनिटं दम धरला आणि उघडलं. दुसऱ्या दिवशी सहा. मग एकदा निर्धाराने पंधरा मिनिटं कानांत बोटं घालून बसले, आणि सोळाव्या मिनिटाला उठले. महिन्याभरात वाघ्या न दमता वीस मिनिटं भुंकायला शिकला होता, कारण शिकवणारी मीच होते. कधी मिळतं कधी नाही अशा बक्षिसासाठी प्राणी सगळ्यात चिवटपणे धडपडतो, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरने कबुतरांवर दाखवून ठेवलंय. मी ते घरच्या घरी सिद्ध केलं. शिवाय जे आजवर मिळत होतं ते अचानक थांबलं की प्रयत्न आधी वाढतात. बेल दाबूनही दार उघडलं नाही तर आपणही आधी जोरात दाबतो, मग निघून जातो. नेमक्या त्या जोराच्या वेळी माणसाचा धीर सुटतो. तुम्हीही 'मधूनच उठून बाहेर काढलं' म्हणता, तेव्हा गुंड्याच्या भीतीत आता थोडी कुरकुरही मिसळली असेल. म्हणूनच तिच्याशी दम धरण्याची स्पर्धा लावू नका. मुळात भुंकायची पाळीच येणार नाही इतके छोटे डाव मांडा.

रात्रीचं वेगळं. आज रात्री क्रेट तुमच्या खोलीत, पलंगाला लागून. हात खाली सोडला की जाळीला बोटं लागतील इतका जवळ. तुमच्या श्वासाच्या आवाजातच तो झोपेल. अकरा आठवड्यांच्या पिल्लाला दिवसा जेमतेम तीन तास शू धरता येते. झोपेत थोडी जास्त, पण रात्रभर नाही. त्यामुळे मध्यरात्री केलेली कुंई-कुंई ही खरी हाक असू शकते. उठा, दिवा मंद, बोलणं शून्य, उचलून नेमक्या जागी न्या, झालं की सरळ परत. खेळ सुरू झाला की रात्री दोन वाजता उठणं ही त्याची आवड होईल. सलग आठवडाभर शांत झोपला की क्रेट रोज वीतभर दाराकडे सरकवत न्या. घाई कशाला, हवं तर वर्षभर तुमच्याच खोलीत झोपू दे, त्याने काही बिघडत नाही.

आता तुम्हाला न आवडणारं. दहा दिवसांत हे सगळं होऊन गुंड्या दिवसभर क्रेटमध्ये एकटा राहील, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जेमतेम तीन तास शू धरणारं पिल्लू आठ तास कोंडलं तर ते स्वतःच्या घाणीत बसेल, आणि एकदा त्याची सवय झाली की घरात शू न करण्याची शिस्त लावणंही अवघड होऊन बसेल. तेव्हा हे दहा दिवस भुंकणं थांबवण्यात घालवू नका, माणसं जमवण्यात घालवा. रजेची पाळी दोघांत वाटून घ्या, अर्धा दिवस तुम्ही, अर्धा दिवस नवरा. घरून काम करता येतं का विचारा. एखादी मावशी, कॉलेजला जाणारा भाचा, निवृत्त शेजारी, कुत्री सांभाळणारं विश्वासाचं कुणी. पिल्लू दिवसाचा बराचसा वेळ झोपतं, त्यामुळे त्या माणसाला फार काही करायचं नसतं. घरात असायचं असतं. शिकवणी चालू असताना त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही, हा यातला सगळ्यात जाचक नियम. तो मोडला की दर वेळी परवाची चादर.

भुंकलं की झटका देणारा किंवा फवारा मारणारा पट्टा, क्रेटवर काठी आपटणं, पाणी मारणं, यातलं काही करायचं नाही. घाबरून ओरडणाऱ्याला आणखी घाबरवलं की कधी कधी आवाज थांबतो हे खरं, भीती आतच राहते आणि दुसरीकडून बाहेर येते. सोबतीला दुसरं पिल्लू आणण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेलच. ओरड माणूस गेल्याची असेल तर दुसऱ्या पिल्लाने ती भागत नाही, उलट रडणारे दोन होतात.

डॉक्टरांना मात्र एकदा दाखवा, चित्रण सोबत घेऊन. पोट बिघडलंय, जंत आहेत, लघवीला जळजळ होतेय, यातलं काही असेल तर कितीही मोजणी केली तरी पिल्लू शांत बसणार नाही. आणि महिनाभर इमानदारीने छोटे डाव खेळूनही लाळ, धापा आणि खरवडणं तसंच राहिलं, नखं-दात दुखावले जायला लागले, तर वर्तनाचं शिक्षण घेतलेल्या पशुवैद्यांकडे जा. कुत्र्यांच्या विरहभीतीवर औषधं आहेत. इतक्या लहान वयात ती सहसा देत नाहीत, पण कधी द्यायची ते त्यांनाच ठरवू द्या.

शेजारच्या काकूंकडे आजच जा. 'पिल्लू नवीन आहे, आम्ही शिकवतोय, महिनाभर सांभाळून घ्या' एवढं बोललात की त्यांच्या कानावर पडणाऱ्या प्रत्येक भुंकण्याचा अर्थ बदलतो. जमलं तर गुंड्यालाही कडेवर घेऊन जा. त्याचं तोंड बघून किती जण तक्रार विसरतात ते मी पाहिलेलं आहे.

आणि ती चादर. धुतलीत तर लगेच क्रेटमध्ये घालू नका. दोन-तीन रात्री तुमच्या उशाशी ठेवा, तुमचा वास चांगला मुरू दे. मग घाला. तो आत शिरून ती नाकाने गोळा करतो आणि वर गोल फिरून बसतो का, ते मला कळवा.